पाण्यातील प्राणवायूची गणना आणि चंद्रपूरचे उष्णमान

पाण्यात विरघळलेल्या वायूची संहती डोळ्यांना दिसत नाही. ती संख्येत मांडण्याची विद्या प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील युरोपात घडली. तथापि ही संख्या स्थलनिरपेक्ष नव्हे. पाण्याचे उष्णमान आणि हवेचा दाब सांगितल्यावाचून तिला अर्थ येत नाही. १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात ही विद्या लावून पाहिली, म्हणजे तिच्या मापदंडांत परकी हवा किती मिसळली होती हे ध्यानात येते.

विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा नियम १८०३ साली प्रसिद्ध झाला. ठरावीक उष्णमानास द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या द्रवावरील दाबाशी समप्रमाणात असते, हे त्याचे सार होय. हेन्रीचा मित्र जॉन डाल्टन याचा आंशिक दाबाचा नियम त्यास जोडला की गणित सिद्ध होते. समुद्रसपाटीस २५ अंश सेल्सियसला बाष्पाचा दाब वजा जाता हवेतील प्राणवायूचा आंशिक दाब सुमारे ०.२०३ वातावरण उरतो. एक वातावरण दाबाखाली एका लिटरमध्ये सुमारे १.३ मिलिमोल प्राणवायू विरघळतो. या दोहोंचा गुणाकार ०.२६४ मिलिमोल, त्यास रेणुभार ३२ ने गुणिले असता ८.४ मिलिग्रॅम येतात. कोष्टकांतील अधिक सूक्ष्म मूल्य ८.२६ आहे.

उष्णमान वाढले की हा आकडा उतरतो : २० अंशांस ९.०९, ३० अंशांस ७.५६, ४० अंशांस ६.४१. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंच असल्याने तेथे ३० अंशांचे संपृक्त पाणीही जेमतेम ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू धरते. येथे संहती व संपृक्तता या दोन संज्ञांतील भेद महत्त्वाचा ठरतो. लिटरमागे ६ मिलिग्रॅम ही एकच संहती २० अंशांच्या पाण्यात ६६ टक्के संपृक्तता दर्शविते, तर ३५ अंशांच्या पाण्यात ८६ टक्के. टक्केवारी पाहणारा दुसऱ्या पाण्यास अधिक समृद्ध म्हणेल. परंतु माशाच्या वाट्यास येणारा प्राणवायू दोन्हीकडे तितकाच, आणि उष्ण पाण्यात त्याची गरज मात्र वाढलेली असते.

प्रत्यक्ष मोजणीची सुलभ रीत हंगेरीच्या लायोश विंक्लर याने १८८८ साली दिली. पाण्याच्या नमुन्यात मँगनीजचा क्षार व अल्कयुक्त आयोडाइड घालतात. बसणारा साका प्राणवायूमुळे तपकिरी होतो. आम्ल घालताच प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन मुक्त होते, आणि ते थायोसल्फेटने मोजतात. २०० मिलिलिटर नमुन्यास ०.०२५ नॉर्मल द्रावण वापरल्यास जितके मिलिलिटर लागतील तितके लिटरमागे मिलिग्रॅम, इतके हे गणित सोपे होते. दूरच्या नदीकाठीही प्राणवायू बाटलीतच बद्ध करून घेता येतो, हा या रीतीचा विशेष लाभ होय.

मोजमापाबरोबर मापदंड आले. सांडपाणी नदीतील किती प्राणवायू खाऊन टाकील, हे ठरविण्यासाठी ब्रिटनच्या शाही आयोगाने पाच दिवसांची मुदत व ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १८.३ अंश सेल्सियस, हे उष्णमान प्रमाण मानले. आयोगाचा संबंधित अहवाल १९१२ चा. तेथील नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्रास मिळते, हे या मुदतीमागील कारण सांगितले जाते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून होणारी प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, तेव्हाही समुद्र शेकडो किलोमीटर दूर असतो. आणि १८ अंश हे तिच्या पाण्याचे उन्हाळी उष्णमान कधीच नव्हे. पुढे भारतीय मानकाने २७ अंश व तीन दिवस ही जोडी स्वीकारली. उष्णतेत जंतूंची क्रिया वेगाने होत असल्याने मुदत आखडता आली. मापदंड हवामानानुसार बदलावा लागतो, याची ही कबुलीच होती.

या संख्यांना कायद्याचे बळ मिळाले ते महाराष्ट्रात १९६९ च्या व देशात १९७४ च्या जलप्रदूषणविषयक अधिनियमांनी. केंद्रीय वर्गीकरणात मत्स्यजीवनास योग्य पाण्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू सांगितला आहे. परंतु ही मर्यादा मोजावयाची केव्हा? मालगुजारी संपुष्टात आल्यावर ‘माजी मालगुजारी’ म्हणून ओळखले जाऊ लागलेले या भागातील तलाव बहुधा उथळ आहेत. अशा तलावात वनस्पती व शेवाळ माजले की दुपारी प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू संपृक्ततेच्याही वर जातो. रात्री निर्मिती थांबते, श्वसन चालूच राहते, आणि पहाटे संहती नीचांकास येते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात ते याच वेळी. दुपारच्या बाटलीतून निघालेला आकडा खरा असूनही तलावाविषयी खोटी ग्वाही देऊ शकतो.

तात्पर्य, हेन्रीचा नियम सर्वत्र एकच असला तरी त्याने मिळणारी संख्या त्या त्या पाण्याची असते. नोंदवहीत संहतीशेजारी स्थळ, उष्णमान व वेळ यांचे रकाने कोरे राहिले, तर तलावाची जबाबदारी असणाऱ्यास पहाटेच्या संकटाची सूचना मिळत नाही, आणि त्याची किंमत त्या तलावावर पोट भरणाऱ्या ढिवर कुटुंबास मोजावी लागते.