नाव कोल्हापूरचे, कमाई कोणाची?

२२ जून २०२५ रोजी इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो केला. त्यात काही मॉडेल्सच्या पायांत सपाट तळाची, अंगठा असलेली चामडी चप्पल होती. कंपनीने तिचे वर्णन 'लेदर सँडल' एवढेच केले होते. शोचे फोटो इन्स्टाग्रामवर फिरू लागले आणि आपल्याकडच्या लोकांनी ती चप्पल लगेच ओळखली. ही तर आपली कोल्हापुरी!

पुढचे काही दिवस काय झाले हे आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले. संताप झाला, विनोद झाले, मीम्स झाले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले. प्राडाच्या वतीने लोरेन्झो बर्तेली यांनी उत्तर दिले आणि ही चप्पल भारतातील शतकांच्या हस्तकलेवरून प्रेरित असल्याचे मान्य केले. जुलैमध्ये कंपनीचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेले.

हा प्रसंग नीट समजून घ्यायचा तर मोठ्या कंपन्या आपले नाव कसे मोठे करतात ते आधी पाहावे लागेल. प्राडाची सुरुवात १९१३ साली मिलानमधल्या चामडी वस्तूंच्या एका दुकानापासून झाली. तेव्हा वस्तू दुकानात यायची, गिऱ्हाईक ती हातात घेऊन पाहायचे, आणि चांगली निघाली की दुकानाचे नाव व्हायचे. आता क्रम उलटा झाला आहे. शोच्या सभागृहात थोडे निमंत्रित बसतात, पण शो असतो तो मोबाइलवर पाहणाऱ्या जगासाठी. वस्तू दुकानात येण्याच्या कित्येक महिने आधी तिचे फोटो, व्हिडिओ आणि ती घालणारे प्रसिद्ध चेहरे लोकांपुढे येतात. आधी गोष्ट विकली जाते, मग माल. म्हणून 'लेदर सँडल' हे दोन शब्द साधे नव्हते. चप्पल तीच राहिली, तिच्या गोष्टीतून कोल्हापूर तेवढे गळाले. गोष्ट ज्याची, किंमत त्याची, हा या बाजाराचा नियम आहे.

आता कोल्हापुरीचे नाव कसे झाले ते पाहू. त्यामागे कुठली कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. कापशी, कुरुंदवाड, अथणी, निपाणी अशा गावांत चप्पल बनायची. 'कापशी', 'कुरुंदवाडी' ही गावांची नावे आजही चपलांच्या प्रकारांना आहेत. विक्री मात्र कोल्हापूरच्या बाजारात व्हायची. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू परतताना जोड घेऊन जायचा आणि गावी कोणी विचारले की 'कोल्हापूरची' म्हणून सांगायचा. येवल्यात विणलेल्या साडीला जसे पैठणचे नाव आहे, तसेच इथे बाजारपेठेचे नाव मालाला चिकटले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (१८९४ ते १९२२) या धंद्याला दरबाराचा आधार मिळाला. पुढे ही चप्पल मुंबईच्या दुकानांत गेली, आणि १९७०च्या आसपास भारतात भटकायला आलेल्या हिप्पींच्या पायांतून परदेशात पोचली.

म्हणजे हे नाव गिऱ्हाइकांनी तोंडोतोंडी मोठे केले. त्यामागे मालाचा टिकाऊपणा होता. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडे कमवायचे, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने तळ शिवायचा, वरच्या पट्ट्यावर बारीक वेणी घालायची. या कामामागे कितीतरी हात आहेत. जनावरांची खरेदी-विक्री आणि कातड्याचा व्यापार यांत कुरैशी आणि इतर मुस्लिम व्यापारी आहेत. कातडे कमावणारा ढोर समाज आहे. कापणारा, शिवणारा चर्मकार आहे. वेणी घालणाऱ्या बहुतेक बायका आहेत आणि त्या घरी बसून काम करतात. ज्यांच्या हाताचे पाणी गावाला चालत नव्हते, त्यांनी बनवलेली वहाण घालून गाव मिरवत होते. हा आपल्या इतिहासाचा भाग चपलेच्या कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही.

कायद्याने काय केले? २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. सीमावादात भांडणारी दोन राज्ये एका चपलेवर एकत्र नांदतात, ही गोष्ट मला फार आवडते. पण या मानांकनाचे संरक्षण देशापुरते असते. मिलानमध्ये ते आपोआप लागू होत नाही. प्राडाविरुद्धची जनहित याचिकाही मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये फेटाळली. मानांकन दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, तेव्हा दाद मागायची तर त्यांनी, असा त्याचा अर्थ होता. कायदा जिथे पोचला नाही, तिथे सामान्य माणसाचा मोबाइल पोचला. डिसेंबरमध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला. सुमारे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचे आणि प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकायचे, असे कंपनीने जाहीर केले.

गेलेले नाव परत मिळाले, याचा आनंद आहेच. पण नाव परत मिळाल्यावर गोष्ट पूर्ण सांगितली गेली का?

मिलानवरून गदारोळ सुरू होता त्याच जुलै महिन्यात राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत कुरैशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली होती. गोरक्षकांच्या नावाने रस्त्यात होणारी अडवणूक आणि मारहाण यांविरुद्धचे ते आंदोलन होते. मार्च २०१५पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कर्नाटकातही २०२१पासून कायदा कडक झाला. त्याचा फटका कातड्याच्या बाजाराला आणि तिथून चपलेच्या कारागिराला बसला. 'आमची कोल्हापुरी' म्हणून अभिमानाने पोस्ट टाकणाऱ्या किती जणांनी या दोन बातम्या एकमेकींना जोडून पाहिल्या? चप्पल आपली, तर तिचे कातडे पुरवणारा परका कसा?

कोल्हापूरच्या मुसलमानाला याची बोच अधिक आहे. ७ जून २०२३ रोजी याच शहराचे नाव मोबाइलवरून देशभर गेले होते. काही जणांनी ठेवलेल्या व्हॉट्सअॅप स्टेटसचे निमित्त होऊन बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, मुसलमानांच्या दुकानांची नासधूस झाली आणि शेवटी इंटरनेट बंद करावे लागले. ज्या शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम एज्युकेशन सोसायटी उभी करून मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची सोय केली, त्यांच्या शहरात हे घडले. दोन वर्षांच्या अंतराने तेच शहर, तोच मोबाइल. एकदा त्याने कष्टाची दुकाने फोडायला लोक जमवले, एकदा कष्टाचे नाव परत मिळवून दिले.

आज आपली तरुण पोरे इन्स्टाग्रामवर चप्पल, गूळ, मसाला, कपडे विकत आहेत. त्यांना मला एवढेच सांगायचे आहे की मोठ्या कंपन्यांकडून गोष्ट सांगण्याची कला जरूर शिका, पण गोष्ट खरी सांगा. रेक्झिनची चप्पल कोल्हापुरी म्हणून खपवू नका. माप-तोलात लबाडी करणाऱ्यांविषयी कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' हा आख्खा सूरा आहे, आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांना व्यापारात लोक 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत. ते आपली फाटलेली वहाण स्वतः शिवत, असे हदीसमध्ये आले आहे. चामड्याच्या कामाला हलके समजणाऱ्या समाजात राहून आपण हे विसरलो.

महाराष्ट्राच्या महामंडळाने आता चपलेवर क्यूआर कोड आणला आहे. तो स्कॅन केला की कारागिराचे नाव, गाव आणि वापरलेला माल कळतो. ही चांगली सुरुवात आहे. वेणी घालणाऱ्या बाईचे, कातडे कमावणाऱ्याचे आणि ते पुरवणाऱ्याचे नावही त्यात आले, तर कोल्हापुरीची गोष्ट पूर्ण होईल. त्यासाठी मिलानकडे बोट दाखवायची गरज नाही. ते काम इथेच, आपल्यालाच करायचे आहे.