'गाभ्रीचा पाऊस' : गुन्हा न करताच घरात संशयित ठरलेला बाप

बाप भुरटा चोर किंवा लुच्चा, त्याचा कुठलाच डाव धड जमत नाही, आणि त्याच्या मागेमागे फिरणारं पोर त्याच्यापेक्षा हुशार. विनोदी गोष्टींमधला हा जुना आणि लाडका साचा आहे. अमेरिकेत १९७३ साली आलेला 'पेपर मून' आठवा. मंदीच्या काळातलं कॅन्सस, विधवा बायकांना बायबल विकून गंडवणारा एक भामटा, आणि तो आपला बाप असावा असा दाट संशय असलेली एक मुलगी. हळूहळू फसवाफसवीचा धंदा तीच जास्त चांगला चालवायला लागते. ते काम करणाऱ्या टेटम ओनीलला वयाच्या १०व्या वर्षी ऑस्कर मिळालं. अशा गोष्टीत पोर मोठं होतं ते बापाला ओळखता ओळखता. बाप देव नाही हे त्याला कळतं, आणि तरीही तो आवडतोच.

हाच साचा विदर्भाच्या कापूसपट्ट्यात आणला तर काय होईल? सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या पहिल्याच सिनेमात त्याचं उत्तर सापडतं. इथेही पडक्या नशिबाचा बाप आहे, त्याच्या मागे लागलेलं पोर आहे, हसूही आहे. फरक एकच, आणि तो मोठा आहे. या बापाने कसलाही गुन्हा केलेला नाही.

आधी नावाबद्दल. 'गाभ्रीचा' ही वऱ्हाडी बोलीतली शिवी. माणूस वैतागला की तोंडातून निघून जाते अशी. इथे ती पावसाला घातलेली आहे. जून कोरडा गेला तरी शिवी, आणि वेचणीला आलेला कापूस भिजला तरी शिवी.

गोष्ट साधी आहे. गावातला एक शेतकरी आत्महत्या करतो. किसनाची (गिरीश कुलकर्णी) बायको अलका (सोनाली कुलकर्णी) हबकते. आपल्या नवऱ्याचीही तीच परिस्थिती, मग उद्या यानेही तेच केलं तर? त्याला थेट विचारायची तिची हिंमत होत नाही. मग ती घरातच पहारा बसवते. सासू (ज्योती सुभाष) आणि लहानगा दिनू (अमन अत्तार) हे तिचे दोन शिपाई. दिनूला काम एकच : बापाला नजरेआड होऊ द्यायचं नाही. दुसरीकडे ती नवऱ्याला गोडधोड करून घालायला लागते. खिशात दमडी नाही आणि ताटात पुरणपोळी, त्यामुळे किसनाला कळेनासंच होतं की घरात चाललंय काय.

सिनेमातला विनोद इथून येतो, आणि तो कुणी मुद्दाम केलेला नाही. किसना गप्प बसला तरी घरच्यांना धोका वाटतो. तो कुठे निघाला की पोर मागोमाग. खरं तर किसना निराश माणूस नाहीच. या घरातला सगळ्यात आशावादी जीव तोच असेल. त्याच्या डोक्यात बियाणं, पेरणी आणि पाऊस एवढंच आहे. गुन्ह्याचा पत्ता नाही, पण पाळत मात्र चोवीस तास. 'पेपर मून'मधली मुलगी बापाच्या गुन्ह्यात भागीदार होते. दिनूवर बापाचा पहारेकरी व्हायची वेळ येते. मला यातलं दुसरं जास्त अवघड वाटतं, कारण आपण कशावर पहारा देतोय हे पोराला पूर्ण कळलेलंही नसतं.

यवतमाळच्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. जिल्ह्यातली बरीचशी शेती कोरडवाहू. मृगाच्या भरवशावर कापूस पेरायचा, पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा पहिल्यापासून. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यात मोठी खळबळ उडवणारी ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते आणि दर १९ मार्चला अनेक जण त्यांच्या स्मरणार्थ अन्नत्याग करतात. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्यातल्या सहा जिल्ह्यांत यवतमाळ होतं. हा सिनेमा त्यानंतर तीनेक वर्षांनी आला.

आता 'संशयित' या शब्दाकडे पुन्हा येऊ, कारण तो नुसता अलंकार नाही. सिनेमा आला तेव्हा अलकाला ज्याची भीती वाटत होती तो प्रयत्न कायद्याने खरोखरच गुन्हा होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड होऊ शकत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूमिका बदलली : असा माणूस तीव्र तणावाखाली आहे असं गृहीत धरायचं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम उरलेलं नाही. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न केला, तरच तो गुन्हा ठरतो.

बरं, माणूस गेल्यावर तरी चौकशी संपते का? नाही. कुटुंबाला सरकारी मदत देण्याआधी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं. जमीन होती का, कर्ज कुणाचं होतं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं तपासलं जातं. कागद जुळले तर १ लाख रुपये. सावकाराकडून तोंडी घेतलेलं कर्ज असेल तर ते दाखवायचं कशाने?

मनवरांचा सिनेमा या सरकारी भागात फारसा शिरत नाही, तो घराच्या उंबऱ्याआत राहतो. पुढच्याच वर्षी आलेल्या 'पीपली लाइव्ह'ने याच विषयावर हसवलं, पण त्यात टीव्हीचे कॅमेरे, पुढारी आणि अधिकारी यांची जत्रा आहे. तिथला नत्था साऱ्या देशाच्या पाळतीवर असतो, किसना फक्त आपल्या बायको-आई-पोराच्या. म्हणूनच 'गाभ्रीचा पाऊस'मधलं हसू जास्त जवळचं वाटतं, घशात अडकतंही जास्त.

घरात कुणाबद्दल अशी काळजी वाटत असेल, तर अलकाने जे टाळलं ते करायला हरकत नाही, म्हणजे थेट विचारायला. तसं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, असं मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

सिनेमाचा शेवट इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की तो पाहताना डोळे पावसाकडे नाही, दिनूकडे ठेवा.