मेमरीची वाटणी : ६४० किलोबाइटपासून मॉडपॅकपर्यंत

#थ्रेड

१/ माइनक्राफ्टचा जड मॉडपॅक चालवू पाहणाऱ्या प्रत्येकाची गाठ ‘एक्सएमएक्स’ ह्या सांकेतिक नावाशी आणि त्यापुढच्या आकड्याशी पडते. खेळाला जास्तीत जास्त किती मेमरी वापरू द्यायची, हे तो आकडा ठरवतो. आकडा जितका मोठा तितका खेळ सुरळीत, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा का आहे, हे इतिहासातून उमगते.

२/ ऑगस्ट १९८१. आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्यातील इंटेल ८०८८ प्रोसेसरचे पत्ते २० बिटांचे होते. म्हणजे १०,४८,५७६ बाइट, अर्थात १ मेगाबाइट एवढीच त्याची धाव. त्यापैकी ६४० किलोबाइट प्रोग्रामांच्या वाट्याला आले. उरलेले ३८४ पडदा, रॉम आणि जोडकार्डे यांच्यासाठी राखून ठेवले गेले.

३/ ‘६४० किलोबाइट कोणालाही पुरेत’ हे उद्गार बिल गेट्स यांच्या नावावर खपवले जातात. आपण असे कधीच म्हटले नाही, असा खुलासा त्यांनी स्वतः केला आहे. भिंत मात्र खरी होती. यंत्रात ४ मेगाबाइट असूनही डॉसवरचे खेळ ‘मेमरी अपुरी’ म्हणून अडत. मग खेळाडू ‘कॉन्फिग’ आणि ‘ऑटोएक्झेक’ ह्या फायली उघडून ड्रायव्हर वरच्या भागात हलवीत, किंवा एकाच खेळासाठी वेगळी बूट फ्लॉपी बनवीत.

४/ १० डिसेंबर १९९३. इड सॉफ्टवेअरचा ‘डूम’ अवतरला. डॉस एक्स्टेंडरच्या साहाय्याने त्याने ती भिंत ओलांडली. सुरुवातीलाच तो मेमरीचा मोठा तुकडा ताब्यात घेई आणि पुढची वाटणी स्वतः करी. प्रत्येक भागावर खूण असे : हा कायमचा, हा चालू पातळीपुरता, हा गरज पडल्यास टाकून देण्याजोगा.

५/ डूमचे नकाशे, चित्रे आणि ध्वनी ‘वॉड’ फायलींत वेगळे ठेवलेले होते. त्यामुळे इंजिनाला हात न लावता चाहत्यांनी नव्या पातळ्या रचल्या. पण फरशा आणि छते यांच्या दृश्य पृष्ठभागांची नोंद ठेवणारा तक्ता फक्त १२८ जागांचा होता. त्याहून अधिक पृष्ठभाग एकदम दिसले, की मेमरी शिल्लक असूनही खेळ बंद पडे. डिसेंबर १९९७ मध्ये सोर्स कोड खुला झाला, तेव्हा चाहत्यांनीच अशा मर्यादा काढून टाकल्या.

६/ ११ नोव्हेंबर २०११. ‘स्कायरिम’ आला तो ३२ बिटांचा. ३२ बिटांत ४ गिगाबाइटचे पत्ते मावतात, पण विंडोज त्यातले सामान्यतः २ गिगाबाइटच प्रोग्रामला देई. मॉडमधली मोठी चित्रे भरली, की खेळ कोसळे. डिसेंबरमधील सुधारणेने ६४ बिटी विंडोजवर ही मर्यादा ४ गिगाबाइट झाली. ६४ बिटांची आवृत्ती यायला २०१६ उजाडले.

७/ माइनक्राफ्टची मूळ आवृत्ती जावात लिहिलेली आहे. जावात प्रोग्रामर वापरलेली मेमरी हाताने परत करत नाही. निरुपयोगी झालेल्या वस्तू शोधून ती जागा मोकळी करण्याचे काम ‘गार्बेज कलेक्टर’ करतो. ही कल्पना जॉन मॅकार्थी यांची. लिस्प भाषेवरील त्यांच्या १९६० च्या निबंधात ती आली.

८/ ‘एक्सएमएक्स’चा खरा अर्थ इथे उलगडतो. आकडा फार लहान ठेवला, तर झाडलोट सतत चालू राहते आणि खेळ अडखळतो. अवाजवी मोठा ठेवला, तर कचरा साचत जातो आणि मोठ्या झाडलोटीच्या वेळी दृश्य गोठते. शिवाय तो आकडा जावाच्या वस्तूंपुरताच असतो. जावाची इतर गरज आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनाही मेमरी लागते. ती उरली नाही, तर संगणक डिस्कचा आधार घेतो आणि सारेच मंदावते.

९/ म्हणून ८ गिगाबाइटच्या संगणकावर ७ देणे हे औदार्य नव्हे. साधारण ४ पासून आरंभ करावा, खेळ प्रत्यक्ष किती वापरतो ते पाहावे आणि गरजेपुरतेच वाढवावे. ६४० किलोबाइटांत एकेक ड्रायव्हर हलवणाऱ्या खेळाडूला जागेचे दुर्भिक्ष होते, आपल्याला सुबत्ता आहे. तरीही कोणाला किती द्यायचे, हा त्याचाच प्रश्न आज आपल्यापुढे आहे.