मोटेची शिवण

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाचे मॉडेल कोल्हापुरीसारखी चप्पल घालून चालले आणि दोन दिवसांत महाराष्ट्रातला प्रत्येक माणूस चर्मोद्योगाचा जाणकार झाला. मीही झालो. "आठशे वर्षांची हस्तकला, परदेशी कंपनीने ढापली" अशी चौकट लिहिली, छापून आली, लोकांनी फॉरवर्डही केली. ती कात्रणासकट घेऊन मी आमच्या बाजारपेठेतल्या तात्यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे काय, सहा बाय आठचा गाळा. तात्या पंच्याहत्तरीच्या पुढचे. वीस वर्षांची ओळख.

त्यांनी चष्मा वर करून कात्रण वाचलं आणि विचारलं, "आठशे वर्सं आमी निस्ती चप्पलच शिवत हुतो व्हय? मोट कोन शिवत हुतं?"

मला उत्तर देता आलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात हा प्रश्न नव्हता. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

चाळिशीच्या आतल्यांनी मोट बघितलेली नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीतून पाणी काढायची कातड्याची मोठी पिशवी म्हणजे मोट. वर लोखंडी कडं, खाली हत्तीच्या सोंडेसारखी लांब सोंड. जाड दोर म्हणजे नाडा तो कड्याला, बारीक दोर सोंडेला. बैल धावेवरून उताराला गेले की मोट वर यायची, सोंड थारोळ्यात उलगडायची आणि पाणी पाटाला लागायचं. दख्खनच्या पठारावर जिथे कालवा नव्हता तिथे ऊस, मळा, भाजीपाला जे काही पिकलं ते शेकडो वर्षं या पिशवीवर. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा विहिरीवरची शेती म्हणजे मोटेचीच शेती होती. (आसूडही चामड्याच्या वाद्यांचाच असतो, हे जाता जाता.)

आता ही पिशवी काही एका कातड्याची नसायची. तुकडे जोडायला लागायचे. म्हणजे शिवण आली. आणि ती शिवण अशी हवी की भरलेल्या मोटेचं ओझं, बैलांचा हिसका आणि विहिरीच्या कडेचं घासणं हे सगळं दिवसातून शंभर वेळा सोसून तिच्यातून पाणी गळता कामा नये. चपलेची शिवण सुटली तर माणूस अनवाणी घरी येतो. मोट उसवली तर ऊस वाळतो.

तात्यांनी लहानपणी वडिलांना मोट शिवताना बघितलंय. मी म्हटलं, मला शिकवा. ते हसले, पण एक तळ आणि टाकाऊ चामड्याचे दोन तुकडे पुढे टाकले.

पहिला धडा सुईचा नव्हता. सुई नाहीच. दोऱ्याऐवजी वादी, म्हणजे चामड्याचीच बारीक पट्टी, तीसुद्धा भिजवलेली. कोरडी वादी ओढली की तुटते, ओली असली तर ताणली जाते आणि वाळताना आवळून बसते. तिचं टोक रापीने तासून निमुळतं करायचं, तीच सुई. दुसरा धडा आरीचा. आरी म्हणजे लाकडी मुठीचा टोकदार दाभण. नवशिका जोर लावून भोक मोठं करतो, मीही केलं. तात्यांचं म्हणणं असं की आरीने चामडं फोडायचं नाही, फाकवायचं. वादी जेमतेम, ओढून घ्यावी लागेल एवढंच भोक. म्हणजे नंतर चामडं स्वतःच वादीला धरतं. "भोक ढिलं म्हंजी पानी आलं," ते म्हणाले. चपलेत पाणी आलं तर काय बिघडतं असं मी विचारणार होतो, मग लक्षात आलं की हे वाक्य चपलेचं नाहीच. मोटेचं वाक्य चपलेपर्यंत आलंय.

मोटेला काठावर काठ चढवून शिवायचे, असं ते सांगतात. चामडं भिजलं की फुगतं, वादीही फुगते, आणि जे भोक कोरड्यात दिसतं ते ओल्यात बुजतं. पाणीच शिवण घट्ट करतं. इंजिनियरिंग कॉलेजच्या पोरांना हे रबराच्या वॉशरवरून शिकवतात.

तिसरा धडा ओढीचा. प्रत्येक टाक्याला ओढ सारखी. एक टाका जास्त ओढला तर पुढचा टाका ढिला पडतो आणि चामडं गोळा होतं. माझं गोळा झालं. मशीनची शिवण आणि हाताची शिवण यांतला फरकही तिथेच कळला. मशीनमध्ये वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकवलेला असतो, एक जागी झिजून तुटला की पुढचे टाके सैल होत जातात. दोन टोकं समोरासमोरून एकाच भोकातून काढून हाताने घातलेला टाका तुटला, तर एक तुटतो, शेजारचे तग धरतात.

एवढं झाल्यावर मी आठशे वर्षांच्या हिशेबाकडे परत आलो.

कोल्हापुरीचा इतिहास सांगताना लोक बाराव्या शतकातल्या कल्याणपर्यंत जातात, बिज्जल आणि बसवण्णांच्या काळापर्यंत. त्या काळाची चर्मकारांशी जोडलेली सगळ्यात मोठी आठवण चपलेच्या फॅशनची नाही. ती हरळय्या या शरणांची आहे. परंपरा सांगते की हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पादत्राणं शिवली. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण शरण मधुवरस यांच्या मुलीशी झालं. त्या लग्नापायी हरळय्या आणि मधुवरस दोघांनाही क्रूर मृत्युदंड मिळाला आणि कल्याण पेटलं. आपण 'आठशे वर्षांची परंपरा' म्हणतो तेव्हा तिच्यात हेही येतं. माझ्या चौकटीत ते नव्हतं.

मोटेच्या मागे जातींची साखळी उभी होती. मेलेलं जनावर ओढायचं आणि सोलायचं महारांनी. कातडं कमवायचं ढोरांनी. शिवायचं चांभारांनी. दोर वळायचे मांगांनी. कातडं कमावणं काय असतं ते आजही मिरज, अथणी भागातल्या जुन्या माणसांना विचारा. चुन्यात टाकून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं, आणि शेवटी कातडं पिशवीसारखं शिवून, सालीचं पाणी भरून टांगून ठेवायचं, म्हणजे ते आतून बाहेर झिरपत मुरतं. या सगळ्याला आठवडे जातात, आणि वास अंगातून जात नाही.

मोबदला म्हणजे बलुतं. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं, किती घालायचं ते शेतकऱ्याच्या मनावर.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी तात्यांनी तो प्रश्न विचारला होता. ज्या विहिरीचं पाणी त्यांच्या आज्याच्या शिवणीतून वर यायचं, त्या विहिरीवर आज्याला चढता येत नव्हतं. मोट फाटली की बांधावर आणून टाकायचे, हा तिथेच बसून शिवायचा. तहान लागली तर कुणीतरी वरून ओंजळीत पाणी सोडायचं. पाण्याला कातडं चालत होतं, कातडं शिवणारा हात चालत नव्हता. फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, हे आपण शाळेत वाचतो. मोटेची विहीर मात्र कुठल्या धड्यात नाही. महाडनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली गुरं ओढायचं सोडलं. त्यातून कातड्याची जुनी साखळी तुटायला लागली. ती तुटायलाच हवी होती. 'पारंपरिक कच्चा माल मिळेनासा झाला' असं हळहळत लिहिणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) हा दुसरा भागही लिहावा.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली बलुतेदारी मोडली, कुणीही कुठलाही धंदा करावा अशी मोकळीक दिली. शिवणारा कारागीर गावाच्या खळ्यावरून बाजाराकडे वळू शकला तो तिथून पुढे. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी अशी नावं असलेली जाडजूड पायताणं होतीच. शेतात, चिखलात, काट्यात घालायची, चालताना करकरणारी. विसाव्या शतकात ती पातळ आणि हलकी होत शहराच्या पायात गेली. 

इकडे मोट संपत होती. आधी लोखंडी मोटा आल्या. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, पुढे वीज आली, आणि साठ-सत्तरच्या दशकात विहिरीवर इंजिन नाहीतर मोटर बसली. शेतकऱ्याची सुटका झाली, बैलांचीही झाली. शिवणाऱ्याचं मोठं काम एका पिढीत गेलं आणि त्याची भरपाई वगैरे काही प्रश्नच नव्हता, कारण तो कुणाच्या नोकरीत नव्हता. उरली चप्पल. आणि चपलेसमोर बाटा होती, रबरी स्लीपर होती.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, भराभर सांगतो. २०१५ साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं कातडं चालतं, पण वाहतुकीत गाडी अडवणारा आधी मारतो, मग कातडं कुणाचं ते बघतो, म्हणून व्यापारी कचरतात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर असे आठ जिल्हे मिळून. सीमावादावर रोज भांडणारी दोन राज्यं एका चपलेच्या कागदावर शेजारी सह्या करून आहेत, याची बातमी आम्ही फार मोठी केली नाही. आणि २०२५च्या डिसेंबरात प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड, एकाची किंमत आठशे युरोच्या आसपास, असं बातम्यांत होतं.

मी तात्यांना तो आकडा रुपयांत करून सांगितला. त्यांनी त्यावर काहीच म्हटलं नाही. आतल्या बाजूला काकू वेणी घालत बसल्या होत्या, पट्ट्यावरची चामड्याची वेणी. हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात आणि दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव नसतं. त्या म्हणाल्या, "येनीचं किती धरलंय त्येंनी?" याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. तात्यांचा मुलगा एमआयडीसीत आहे, नातू फार्मसीला. दोघांनाही शिवता येत नाही, आणि तात्यांनी शिकवलेलंही नाही. का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुमी शिकायलाय न्हवं? तुमाला शिकताना कोन काय म्हनतंय का?"

त्या दिवशी मी तासाभरात अकरा टाके घातले. तात्यांनी तळ उजेडाकडे धरला, अंगठ्याने एकेक टाका दाबून बघितला. मग रापी घेऊन सगळे उसवले आणि वादी परत पाण्यात टाकली.