भोकांची भाषा

सुरतेच्या पूर्व अंगाला पर्वत पाटिया नावाचा भाग आहे. गुजरातीत पाटिया म्हणजे गावाच्या वळणावरची पाटी. आपण ज्याला फाटा म्हणतो, तोच. आमच्या खानदेशातली पुष्कळ कुटुंबे या बाजूला मागांच्या आधाराने स्थिरावली. घरात अहिराणी, कामावर गुजराती-हिंदी. माझे मामा त्यांतलेच. ते जॅकार्डच्या मागासाठी कार्डे पंच करीत.

1984 च्या उन्हाळी सुटीत मी त्यांच्याकडे होतो. चौकटीच्या कागदावर रंगवलेली नक्षी समोर ठेवून ते एकेका आडव्या ओळीसाठी एकेक पुठ्ठा घेत आणि रंगलेल्या घराच्या जागी भोक पाडीत. "भोक असलं की सुई आत जाते नि धागा वर उचलला जातो. नसलं की सुई मागं ढकलली जाते, धागा खालीच. एवढंच गणित आहे, भाच्या," असे ते म्हणाले. बी.एस्सी.ला द्विमान पद्धती शिकलो, तेव्हा ती मला ओळखीची वाटली.

फ्रान्समधील लियों शहरी बूशों याने 1725 मध्ये कागदाच्या छिद्रित पट्टीने माग चालविण्याचा प्रयत्न केला. त्याच शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने 1804 च्या सुमारास हे तंत्र पक्के केले. पुढे त्याचेच चित्र रेशमात विणले गेले. त्याला सुमारे 24,000 कार्डे लागली! त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजपाशी होती. आपल्या गणकयंत्रासाठी त्याने कार्डांचीच योजना केली होती आणि 1843 मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्राची तुलना जॅकार्डच्या मागाशी केली. म्हणजे आज्ञा लिहून बाहेरचे यंत्र हलविण्याची विद्या संगणकाने मागाकडून घेतली. हे आमच्या पाठ्यपुस्तकात असायला हवे, असो.

1983 मध्ये बोनास या इंग्रज कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दाखविले. काही वर्षांनी ते वारे सुरतेतही आले आणि मामांचे काम हळूहळू संपले. पुढे त्यांनी साड्यांच्या घड्या घालण्याचे काम केले.

गेल्या दिवाळीत मामांचा नातू मला कारखान्यात घेऊन गेला. तो एम्ब्रॉयडरीची डिझाइने संगणकावर करतो. एकही भोक पडत नाही, तरी या कामाला सारे सुरत अजून 'पंचिंग'च म्हणते. त्याने एक खटाटोप केला होता. मागाच्या फिरत्या भागाला लोहचुंबक, समोर सेन्सर, मध्ये आर्डुइनोची छोटी पाटी, आणि फेऱ्यांचा आकडा थेट ब्राउझरच्या पानावर.

आधी त्याने पीएचपीत लिहून पाहिले होते. ती भाषा सर्व्हरवर चालते, म्हणून सर्व्हरला जोडलेले यंत्रच तिला दिसते. युनिक्स पद्धतीत तर यंत्र म्हणजे एक फाइलच, उघडायची नि वाचायची. पण कारखान्यातला माग दूरच्या सर्व्हरला कसा दिसावा? जावास्क्रिप्ट उलट, वाचणाऱ्याच्या संगणकात येऊन चालते. दोन्ही भाषा 1995 च्या. मात्र जावास्क्रिप्टला मुद्दाम कुंपणात ठेवले होते. परक्या पानाने आपल्या घरची यंत्रे हाताळू नयेत म्हणून. क्रोम ब्राउझरने 2021 मध्ये त्या कुंपणाला एक दार ठेवले. माणसाने स्वतः पोर्ट निवडून परवानगी दिली, तरच पान यंत्राशी बोलते.

मामा आमच्यासोबत होते. पडद्यावर परवानगीची चौकट उघडली, तेव्हा त्यांनी विचारले, "हे काय विचारतंय?"

"जोडू का म्हणून, आजोबा."

"बरं आहे. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

नातवाने बटण दाबले. आकडे पळू लागले. मामा पडद्याकडे न पाहता मागाकडे कान लावून उभे राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा आकडा कमी पडतोय रे." नातवाने सेन्सर चुंबकाच्या जरा जवळ सरकवला. मामांनी पुन्हा ऐकले नि मान हलवली.