सुएझचा कालवा आणि रबराचा शंकू

२६ जुलै १९५६ रोजी अलेक्झांड्रियातील जाहीर सभेत इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा झाल्याची घोषणा केली. त्या भाषणामुळे फौजा हलल्या, एका ब्रिटिश पंतप्रधानाचे आसन गेले, आणि या साऱ्याची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर दिलेली असते. त्या भाषणाचा एक दूरचा परिणाम मात्र त्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. तो असा की, इंग्लंडातील एका चिमुकल्या मोटारीच्या चारही चाकांवर पोलादी स्प्रिंगांऐवजी रबराचे शंकू बसले. आणि ते शंकू म्हातारे झाले म्हणजे त्यांच्या जागी काय बसवावे, याचा वाद त्या मोटारीचे मालक आजतागायत घालीत आहेत.

कालवा बंद पडताच तेलाचा ओघ आटला. डिसेंबर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, ते पुढच्या मे महिन्यापर्यंत चालले. लोक अंड्याच्या आकाराच्या, तीन चाकांच्या ‘बबल कार’ विकत घेऊ लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे अध्यक्ष लेनर्ड लॉर्ड यांना या वाहनांचा मनस्वी तिटकारा होता. या बाहुल्यांना रस्त्यावरून हुसकावून लावील अशी खरीखुरी लहान मोटार हवी, असे त्यांनी १९५७ च्या मार्चमध्ये आपल्या अभियंत्यास सांगितले. अट मुख्यतः एकच घातली : इंजिन कारखान्यात आधीपासून तयार होत असलेलेच वापरावयाचे.

हा अभियंता म्हणजे अलेक इसिगोनिस. १९०६ साली स्मर्ना येथे जन्मलेला हा गृहस्थ ग्रीक-तुर्की युद्धाच्या धुमश्चक्रीत देशोधडीला लागून इंग्लंडात आला. १९४८ ची मॉरिस मायनर ही त्याचीच कृती. भारतात तिची एक आवृत्ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने काही वर्षे रस्त्यावर होती. तिच्या पुढच्या चाकांखाली गुंडाळीची स्प्रिंग नव्हती, तर पीळ खाणारी लांब पोलादी दांडी होती. तीच मांडणी मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातून ॲम्बॅसडरमध्ये उतरली. इंदूर-हैदराबादकडील जुन्या मेकॅनिकांना ती दांडी पुरती ठाऊक असे. मोटारीचे नाक एका अंगाला कलले की याच दांडीकडे त्यांचा हात जाई.

नव्या मोटारीची लांबी ठरली दहा फूट. इंजिन आडवे टाकले, गिअर त्याच्याच पोटातील तेलात बसविले, चाके अवघी दहा इंच व्यासाची केली. एवढी काटकसर केल्यावर चौघे प्रौढ आत बसू शकत होते. पण त्यातूनच नवी अडचण उभी राहिली. रिकाम्या मोटारीचे वजन सुमारे ६०० किलो. प्रत्येकी ७० किलोची चार माणसे बसली म्हणजे त्यात २८० किलोंची भर पडते, जवळजवळ निम्म्याने. मोठ्या, जड मोटारीला चार माणसांचा भार जाणवत नाही. या मोटारीला तो असा जाणवणार की, एकट्या चालकासाठी मऊ ठेवलेली स्प्रिंग चौघांच्या भाराने जमिनीला टेकेल, आणि चौघांसाठी कडक केलेली स्प्रिंग एकट्याची हाडे खिळखिळी करील. टांग्यातून प्रवास केलेल्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. भरल्या टांग्याचे पाटे नीट काम देतात. रिकामा टांगा मात्र खडीवरून उड्या मारीत जातो.

येथे रबर पुढे आले, आणि त्याच्याबरोबर आणखी एक माणूस. ॲलेक्स मोल्टन याचा जन्म १९२० चा. त्याचे पणजोबा स्टीफन मोल्टन हे अमेरिकेहून गुडइयरच्या व्हल्कनाइज्ड रबराचे नमुने घेऊन आले आणि १८४८ साली त्यांनी विल्टशरमधील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी रबराचा कारखाना घातला. रेल्वेच्या डब्यांना लागणाऱ्या रबरी स्प्रिंगा त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या केल्या. इसिगोनिसनेही १९३० नंतरच्या दशकात मित्राबरोबर हाताने घडविलेल्या शर्यतीच्या मोटारीला रबराच्याच स्प्रिंगा लावल्या होत्या. पुढे अल्विस कंपनीत असताना दोघांनी मिळून रबर व द्रव यांच्या जोडीचे प्रयोग केले. ती मोटार बाजारात आली नाही, पण मैत्री टिकली.

मोल्टनचा शंकू दिसायला अगदी साधा. धातूच्या दोन पेल्यांच्या मध्ये रबराचा जाड थर चिकटविलेला. वरचा पेला सबफ्रेमला टेकलेला, आणि खालच्यात ॲल्युमिनियमचा एक निमुळता खांब घुसतो. त्या खांबाचा आकार पाहून इंग्लंडातील कारागीर त्याला तुतारी म्हणतात. तुतारीच्या दुसऱ्या टोकास पोलादी गोळी, आणि ती गोळी चाकाच्या भुजेवरील नायलॉनच्या वाटीत फिरते. चाक उचलले गेले की भुजा तुतारीला ढकलते आणि तुतारी रबराला दाबते. रबर जो जो दाबावे तो तो अधिक कडक होते. पोलादाच्या साध्या गुंडाळीत हा गुण नाही. एकटा चालक बसला तर रबर थोडे दबते व मऊ राहते, आणि चौघे बसले तर अधिक दबून आपल्या आपण ताठ होते. एका स्वस्त लोळ्याने दोन स्प्रिंगांचे काम केले, आणि जागाही मूठभरच खाल्ली.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी ही मोटार जगापुढे आली. तीच पुढे ‘मिनी’ या नावाने जगभर ओळखली गेली. खरे पाहता तिच्यासाठी पुढील व मागील चाकांना द्रवाने जोडणारी मांडणी योजिली होती; ती वेळेत तयार झाली नाही म्हणून कोरड्या रबरावर भागविले. ही तात्पुरती तडजोडच अखेर चिरंजीव ठरावी, यात मोठी गंमत आहे. द्रवाची मांडणी, म्हणजे हायड्रोलॅस्टिक, १९६२ साली मॉरिस ११०० मध्ये आली आणि १९६४ मध्ये मिनीच्या सलून गाड्यांना मिळाली. पुढचे चाक खड्ड्यावरून उसळले की त्यातला द्रव नळीने मागे जाई व मागची बाजूही उचलली जाई. त्यामुळे मोटार घोड्यासारखी पुढे-मागे डुलत नसे. मात्र जोराने वेग घेताच तिचे नाक वर होई आणि शेपूट बसे. द्रव भरण्यास खास यंत्र लागे, खर्चही अधिक येई. १९६९ ते १९७१ या काळात मिनी पुन्हा कोरड्या रबरावर आली आणि ४ ऑक्टोबर २००० रोजी शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत त्यावरच राहिली. तोवर ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

या मोटारीची चाल पहिल्यापासूनच कडक होती, हे तिच्या चाहत्यांनाही कबूल करावे लागते. पण त्याच कडकपणामुळे ती वळणावर कलत नसे. जॉन कूपर यांच्या हे ध्यानी आले आणि १९६१ साली त्यांच्या नावाची वेगवान मिनी निघाली. १९६४ साली मोंटे कार्लोच्या बर्फाळ घाटांतून पॅडी हॉपकर्क यांनी कूपर एस पहिली आणली, ती याच कोरड्या शंकूंवर. तेव्हापासून मिनी खाली बसविण्याची आणि आणखी ताठ करण्याची हौस सुरू झाली, आणि तिच्यासाठी सुटे भाग करून विकणाऱ्यांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला.

रबराला एक जन्मजात खोड आहे. सतत भाराखाली राहिले की ते हळूहळू बसत जाते आणि पुन्हा पूर्वपदावर येत नाही. वीस-तीस वर्षांची मिनी पाहावी, तर चाकाचा वरचा भाग मडगार्डच्या आत शिरलेला, आणि खड्डा आला की ‘ठक्’ असा कोरडा आवाज. तो शंकूचा नव्हे. शंकूत दम उरला नाही म्हणून भुजा आपल्या शेवटच्या थांब्यावर आपटल्याचा तो आवाज असतो. पुष्कळ मालक याचा दोष शॉक ॲब्सॉर्बरला देतात, महागडे नवे आणून बसवितात, आणि गाडी होती तशीच ठोकरते. शॉक ॲब्सॉर्बर हालचाल आवरतो. भार तोलणे हे त्याचे काम नव्हे. पैसे प्रथम शंकूंवरच खर्चावेत आणि चारही एकदम बदलावेत, हा अनुभवी कारागिरांचा दंडक त्यामुळेच पडला.

शंकूंऐवजी पोलादी गुंडाळ्या बसविण्याचे संचही निघाले. गुळगुळीत रस्त्यावर, एकट्या-दुकट्याच्या प्रवासात त्या निःसंशय मऊ वाटतात. पण वर सांगितलेला चौघांच्या भाराचा प्रश्न त्यांच्यामुळे जसाच्या तसा परत येतो. शिवाय रबर दबता-सुटताना थोडी हालचाल स्वतःच पिऊन टाकते, पोलाद ती सगळी परत करते. म्हणून गुंडाळीबरोबर शॉक ॲब्सॉर्बरही अधिक जोरकस हवा. कुटुंब घेऊन हिंडणाऱ्या गाडीला रबरच योग्य, हे मत अजून खोडून निघालेले नाही. हायड्रोलॅस्टिकच्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांत द्रवाच्या झडपाच शॉक ॲब्सॉर्बरचे काम करतात. म्हणून तेथे कोरडे शंकू आणावयाचे तर केवळ चार भाग बदलून भागत नाही.

सर्वांत लोकप्रिय झाली ती आटे पाडलेली तुतारी. तिची लांबी पान्याने कमी-जास्त करता येते व गाडीची उंची हवी तशी ठेवता येते. येथे भल्याभल्यांचे गणित चुकते. भुजेच्या तरफेमुळे शंकूजवळची एक रेघ पुढच्या चाकाशी सुमारे तीन रेघा होते आणि मागच्या चाकाशी सुमारे पाच. म्हणजे मागची तुतारी पाव इंच आखूड केली तर गाडीचे बूड सव्वा इंच खाली येते. हौसेने दोन-चार फेरे जास्त दिले की टायर मडगार्डला घासू लागतो.

खाली बसविण्यात खरा धोका मात्र याहून मोठा आहे, आणि तो बाहेरून दिसत नाही. मागच्या चाकाने खाली किती लोंबावे ही मर्यादा या मोटारीत शॉक ॲब्सॉर्बरच ठरवितो. गाडी खाली घेतली आणि शॉक ॲब्सॉर्बर मूळच्याच लांबीचा ठेवला, तर जॅकवर उचलताच किंवा रस्त्याच्या मोठ्या उंचवट्यावर चाक प्रमाणाबाहेर लोंबते. तुतारीवरचा दाब सुटतो आणि गोळी वाटीतून निसटते. चाक पुन्हा टेकले की गोळी वाटीच्या काठावर बसते, नायलॉन फुटते, आणि एक कोपरा भलतीकडेच झुकतो. भर वेगात असे घडले तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. म्हणून आखूड तुतारीबरोबर आखूड शॉक ॲब्सॉर्बर घेतलाच पाहिजे. उंची कमी करून एवढ्या खर्चात बचत करणारा मालक आपल्याच जिवाशी खेळतो.

पुढचा शंकू काढताना सबफ्रेमच्या मनोऱ्यावरचा बोल्ट सोडून, त्या भोकातून दाबयंत्राचा स्क्रू शंकूच्या मध्यातील आट्यांत बसवावा लागतो. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे आटे इंची मापाचे होते, नंतर मेट्रिक झाले. चुकीचा स्क्रू जबरदस्तीने घातला तर आटे तरी जातात किंवा दाबलेले रबर हातावर सुटते. तुतारी मोकळी होण्यापुरतेच रबर दाबावे, अधिक नव्हे. मग वरची भुजा उतरवून शंकू बाहेर घ्यावा. मागची बाजू त्या मानाने सोपी. शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडले की भुजा खाली येते आणि तुतारी हातात. पण तेथेच भुजेचा मुख्य सांधा तपासावा. त्याच्या एका टोकाला सुयांचे बेअरिंग आणि दुसऱ्याला ब्राँझचा बुश असतो. ग्रीसवाचून तो खाल्ला गेला असेल, तर नवा बुश ठोकून बसविणे पुरत नाही. लांब रीमरने दोन्ही भोके एका ओळीत यावी लागतात. वरचे सगळे नवे आणि हा सांधा सैल, अशी गाडी शेपटीने चालते.

खालची भुजा किंचित लांब घेऊन चाकाचे डोके दीड अंश आत कलविणे, हा शर्यतवाल्यांचा आवडता उपाय. त्याने वळणावर टायरची पकड वाढते. नित्याच्या वापरात टायरची आतली कड लवकर झिजते, हा त्याचा कर. रबराचे बुश असतील तर त्यांचे नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच अखेरचे आवळावेत, नाहीतर ते जन्मभर पिळलेले राहतात. शेवटी पुढच्या चाकांचे तोंड १/१६ इंच बाहेर ठेवावयाचे, कारण इंजिनाची ओढ त्यांना आत आणते.

इतके झाल्यावर गाडी जमिनीवर उतरविली जाते, आणि पुष्कळ मालकांचा विरस होतो : ती मुळापेक्षाही उंच दिसते. नवे रबर अजून बसलेले नसते. जाणता कारागीर त्या दिवशी तुतारीला हात लावीत नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांवर मोजून तो वहीत लिहून ठेवतो, आणि काहीशे मैल चालवून गाडी परत आणा, असे मालकाला सांगतो.