पहिले धनुष्य कोणते? वैरागच्या माळावरून कमान, कमठा आणि लेझीम यांचा शोध

१/ वैराग हे सोलापूर–बार्शी रस्त्यावरचे, बार्शी तालुक्यातील जुन्या बाजारपेठेचे गाव. येथून सोलापूरकडे निघाले की वाटेत नान्नजचे माळरान लागते. खुरटे गवत, तुरळक बाभळी, काळविटांचे कळप आणि लांडग्यांचा वावर. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी अशा उघड्या रानात शिकारीसाठी निघणाऱ्या तरुणाने आपले पहिले धनुष्य कोणते निवडले असते? या प्रश्नाचा माग काढत गेले, की तो अखेर शाळेच्या पटांगणावर येऊन थांबतो. #धागा

२/ प्रथम डोळ्यांसमोर येते ते चित्रातले धनुष्य. विजापूरचा सुलतान दुसरा अली आदिलशाह वाघावर बाण सोडत असल्याचे इ.स. १६६० च्या सुमाराचे एक विजापुरी चित्र प्रसिद्ध आहे. सोलापूरचा किल्ला १६६८ पर्यंत विजापूरकरांकडेच होता, म्हणजे हा सुलतान या मुलखाचाही धनी. दख्खनी आणि मोगल दरबारांतले हे धनुष्य आखूड, नक्षीदार आणि टोकांशी उलट दिशेला वळलेले असे. फारसीत त्याचे नाव ‘कमान’.

३/ कमान एका लाकडाची नसते. मधे लाकडाचा पातळ गाभा, धनुर्धराकडील बाजूस म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या आणि शत्रूकडील बाजूस जनावराच्या स्नायूंचे तंतू. हे सारे सरसाने एकजीव केलेले. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. लाकूड एवढे वाकले असते तर मोडले असते. कमान मात्र ती शक्ती साठवून क्षणात बाणाला देते. पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी शिंगे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कामी लांब शिंगाचे मोल सहज उमगेल.

४/ टोके उलट वळवण्याचे कारण शोभा नव्हे. दोरी उतरवली की अशी कमान चक्क विरुद्ध दिशेला मिटते. चिल्ला, म्हणजे धनुष्याची दोरी, चढवतानाच तिच्यात बराच ताण भरला जातो आणि वळलेली टोके तरफेप्रमाणे काम करतात. त्यामुळे लांबी कमी ठेवूनही पुरेशी शक्ती मिळते. घोडेस्वाराला नेमके हेच हवे असते. लांब धनुष्य घोड्याच्या मानेवरून या कुशीचे त्या कुशीला नेणे अवघड.

५/ अशा स्वाराची तडफ फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निये याने सतराव्या शतकात पाहिली. बंदूकवाला दोनदा बार काढेपर्यंत घोडेस्वार सहा बाण सोडतो, असे त्याने नोंदवले आहे. तोड्याच्या बंदुका सर्वत्र पसरल्यानंतरही कमान दीर्घकाळ टिकून राहिली, याचे एक कारण या वेगात आहे.

६/ मग नवशिक्याने कमानच घ्यावी काय? येथे अडचणी सुरू होतात. कमानगराला एक कमान पुरी करायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागे. प्रत्येक थर चढवल्यावर सरस पूर्ण सुकू द्यावा लागे. चिल्ला चढवताना हात चुकला तर बाहू पिळवटून कमान कायमची बिघडे. बाण ओढायचा तो अंगठ्याने आणि अंगठ्याला जपण्यासाठी त्यात कडे घालायचे. वस्तू महाग, विद्या त्याहून महाग.

७/ सर्वांत मोठा वैरी मात्र ओलावा. सरस पाण्याने मऊ होतो, स्नायू दमट हवेत सैल पडतो. म्हणून कमानीवर रोगण चढवीत, ती म्यानात ठेवीत, प्रसंगी शेकून पूर्ववत करीत. वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा सोलापूरचा कोरडा मुलूख कोकणापेक्षा कमानीला मानवणारा. पण चार महिने येथेही आभाळ भरतेच.

८/ या आभाळाची ताकद औरंगजेबाने याच जिल्ह्यात अनुभवली. १६९५ ते १६९९ या काळात त्याची मुख्य छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे, म्हणजे आजच्या माचणूरजवळ होती. पुढे ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीकाठच्या खवासपूरला पुराने छावणी उद्ध्वस्त केली. बादशहाच्या गुडघ्याला इजा होऊन तो जन्माचा लंगडा झाला. मध्य आशियाच्या कोरड्या हवेत वाढलेले शस्त्र घेऊन दख्खनच्या पावसात उभे राहणे काय असते, याची कल्पना यावरून करावी.

९/ यावर भारतीय कारागिरांनी काढलेला तोडगा विलक्षण होता: कमानीच्याच आकाराचे, परंतु पोलादाचे धनुष्य. त्याचा मारा शिंगाच्या कमानीइतका चपळ नसे. तरी ते दमट हवेने बिघडत नसे आणि शस्त्रागारात वर्षानुवर्षे तयार राही. कोणतेही शस्त्र हवामानाशी तडजोड करूनच टिकते, हे त्यातून दिसते.

१०/ दुसरा पर्याय होता कमठा, अर्थात बांबूचे धनुष्य. ‘तिरकमठा’ या शब्दात तो आजही जिवंत आहे. सातपुड्यातील भिल्लांचे धनुष्य या घराण्यातले. त्याची दोरीसुद्धा अनेकदा बांबूच्या सालीची असते. धनुष्य बांबूचे, दोरी बांबूची. मोडले तर रानातूनच दुसरे उभे राहते. दाट झाडीत, पायी, थोड्या पावलांवरून नेम धरणाऱ्याला याहून योग्य साधन नव्हते.

११/ ही दुहेरी परंपरा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग या चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली आहेत. दोऱ्यांच्या यादीत मूर्वा, रुई, ताग यांच्याबरोबर बांबू आणि स्नायूही आहेत. शृंग म्हणजे शिंग, त्यावरून ‘शार्ङ्ग’ हे विष्णूच्या धनुष्याचे नाव. पंढरीच्या वाटेवर विठ्ठलाला ‘शारंगधर’ म्हणणारा वारकरी नकळत शिंगाच्या धनुष्याचे स्मरण करीत असतो.

१२/ आता पुन्हा वैरागच्या माळावर येऊ. येथे आडोसा नाही. काळवीट दुरूनच माणूस हेरते आणि क्षणात पसार होते. पायी चालणाऱ्याचा कमठा येथे तोकडा पडतो आणि कमान घ्यावी तर घोडा हवा. म्हणूनच अशा मुलखात शिकारीच्या इतर रीती बळावल्या. अबुल फजलने आईने-अकबरीत शिंगांना जाळे बांधलेल्या पाळीव हरणाकरवी रानटी हरिण पकडण्याची रीत वर्णिली आहे. काळविटांवर शिकवलेले चित्ते सोडण्याची प्रथा कोल्हापूर दरबारात विसाव्या शतकापर्यंत होती.

१३/ कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगया हा राजाचा ‘विनोद’ मानला आहे. पण माळावर पोटासाठी शिकार करणारेही होते. फासेपारध्यांचे तर नावच त्यांच्या साधनावरून पडले: फासा. त्यांनी कमान बाळगली नाही. जनावराच्या वाटा वाचल्या आणि दोरीच्या गाठीवर विश्वास ठेवला.

१४/ इतिहासाने या दोघांना एकाच मापाने मोजले नाही. राजाची शिकार चित्रात गेली, पारध्याची शिकार पोलिसांच्या दप्तरात. ब्रिटिश राजवटीने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ मध्ये आणला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवली. सोलापुरात अशा जमातींसाठी कुंपणाची वसाहत होती. तो परिसर आजही ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जातो. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, परंतु शिक्का पुसायला कायद्यापेक्षा अधिक काळ लागतो.

१५/ तेव्हा ज्याच्यापाशी घोडा होता आणि कमानही परवडत होती, अशा तरुणाचा विचार करू. त्याचे पहिले धनुष्य शिकारीची जबर कमान होते काय? नाही. न पेलणारे धनुष्य हातात आले की खांदा उचलला जातो, पाठ वाकते, बाण पूर्ण ओढला जाण्याआधीच सुटतो. एकदा जडलेली ही खोड जाता जात नाही. हे जुन्या उस्तादांना ठाऊक होते, म्हणून शिकणाऱ्याच्या हाती आधी मऊ, हलके धनुष्य दिले जाई.

१६/ फारसीत या सरावाच्या धनुष्याचे नाव ‘लेजम’. पुढे दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले व्यायामाचे धनुष्यही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. इराणच्या व्यायामशाळांत आजही ‘कबादा’ नावाचे लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे झुलवतात. आणि महाराष्ट्रात? लाकडी दांडा, त्याला दोरीसारखी बांधलेली साखळी, साखळीत खुळखुळणाऱ्या चकत्या. आपली लेझीम!

१७/ लेझीम म्हणजे बाण सोडणे विसरलेले धनुष्य होय. दांडा हे तिचे शरीर, साखळी हा तिचा चिल्ला. धनुर्धराचे खांदे घडवण्यासाठी जन्मलेले साधन आखाड्यात आले, तेथून हलगीच्या तालावर मिरवणुकीत गेले. बडोद्याचे प्रो. माणिकराव यांच्यासारख्या व्यायामप्रसारकांनी तिला सामुदायिक कवायतीचे रूप दिले आणि ती शाळाशाळांत पोहोचली. सोलापूरचा गणेशोत्सव तर लेझीम पथकांवाचून कल्पिताही येत नाही.

१८/ तिची एक धाकटी बहीणही आहे. आज ‘गलोल’ म्हटले की रबराची बेचकी आठवते. पूर्वी गलोल हेही धनुष्यच होते. त्याला दोन समांतर दोऱ्या असत, मधे छोटी झोळी, आणि बाणाऐवजी मातीची वाळवलेली गोळी. पाखरांवर ते चाले. धनुष्य गेले, शब्द मुलांच्या खिशात राहिला. ‘कमान’ हा शब्दही तसाच वेशीच्या दगडांत आणि घड्याळाच्या स्प्रिंगमध्ये जाऊन बसला.

१९/ सप्टेंबर १९७२ मध्ये या कथेतील दोन घटना एकाच महिन्यात घडल्या. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या संरक्षणाखाली आज काळवीट आणि माळढोक अवध्य आहेत. आणि म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ५२ वर्षांनी तिरंदाजी परतली. नान्नजचे माळरान १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. शिकारीचे धनुष्य या रानातून कायद्याने गेले, नेमाचे धनुष्य मैदानावर आले.

२०/ त्या मैदानातले धनुष्य कोणते? टोके उलट वळलेले, म्हणजेच रिकर्व्ह. शिंग-स्नायूंच्या जागी आता कार्बन आणि फायबर आहे, वळण मात्र तेच. सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला उतरला तो याच प्रकारात. एकेकाळी घोडा बाळगणाऱ्यालाच परवडणारे वळण अखेर माळावरच्या मुलाच्या हाती आले.

२१/ म्हणून ‘पहिले धनुष्य कोणते?’ या प्रश्नाला परंपरेने दिलेले उत्तर स्पष्ट आहे: जे आपल्याला पेलते ते. कमान सुलतानाची, कमठा भिल्लाचा, फासा पारध्याचा; प्रत्येकाने आपले रान, आपले हवामान आणि आपली ऐपत पाहून साधन निवडले. शिकणाऱ्याने मात्र सुरुवात नेहमी हलक्या धनुष्यापासून केली. महाराष्ट्रातील असंख्य मुलामुलींनी ते सहावी-सातवीतच हाती घेतलेले असते. फक्त त्याला धनुष्य म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.